एका शब्दाची कंजुषी

आमच्या घरात तांब्याचा एक मोठा टोप होता. चाळीस माणसांची बिर्याणी त्यात आरामात शिजायची. तो घराबाहेर जाऊ नये म्हणून अम्मी जेवढं खोटं बोलली, तेवढं बाकीच्या सगळ्या आयुष्यात मिळून ती बोलली नसेल. एरवी माझी आई पाच वेळची नमाजी, रमजानचे सगळे रोजे धरणारी, दारात आलेल्या फकिराला रिकाम्या हातानं न पाठवणारी. पण टोपाचं नाव निघालं की तिचा चेहरा बदलायचा. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, कुणी मागायला आलं की अम्मी पदर सावरत म्हणायची, "अरेरे, कालच कल्हईला दिला बघा." आमचा टोप वर्षातले अकरा महिने कल्हईला गेलेला असायचा. खरं तर तो माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून, एखाद्या आजारी माणसासारखा पडून असायचा.

घर डहाणू गावात, खाडीपासून फार लांब नाही. वारा आगर गावाच्या बाजूनं आला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घरभर, आणि वारा फिरला की अब्बांच्या लाकडाचा. अब्बा चिकूच्या पेट्या ठोकायचे. मागच्या अंगणात फळ्यांची चळत, शेजारी खिळ्यांचा डबा, आणि सकाळी नमाज आटोपून चहा झाला की सुरू व्हायची ती ठकठक. एका खिळ्याला तीन घाव, कधी चार नाहीत. खिळे ते तोंडात धरायचे, पाच-सहा एकदम, त्यामुळे काम चालू असताना त्यांना कुणी काही विचारलं तर उत्तर एकच यायचं, "हं." अम्मीला हे चांगलं ठाऊक होतं. तिला जे काही मंजूर करून घ्यायचं असेल ते ती नेमकं अब्बांच्या तोंडात खिळे असताना विचारायची. पेट्या ठोकून उरलेल्या ढलप्या आणि भुसा आमच्या चुलीत जायचा. घरात गॅस आला तरी मागच्या चुलीवरची तांदळाची भाकरी काही सुटली नाही. आता माझ्या नातीला मी हे सांगते तेव्हा ती विचारते, "नानी, म्हणजे तुम्ही रोज पिकनिकला असल्यासारख्या?" तसंच म्हणायचं.

आमच्या घरातली बोली म्हणजे थोडी उर्दू, थोडी गुजराती आणि बाजारातली मराठी, तिन्ही एकाच वाक्यात. इथे मी सगळं सरळ मराठीत लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याची तारांबळ उडेल. शाळा मात्र मराठी माध्यमाची, आणि मराठीत मी वर्गात पहिली. निबंध माझा वाचून दाखवला जायचा, फळ्यावरचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा. याचा मला किती गर्व होता ते पुढे कळेलच.

दुपारी शाळा सुटली की आम्ही गल्लीतल्या दहा-बारा मुली बडी आपांकडे कुराण शिकायला जायचो. बडी आपा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या एक वयस्क विधवा बाई. एकट्या राहायच्या. त्यांच्या ओटीवर चटई अंथरलेली, बाजूला एक छडी, पण ती छडी त्यांनी कोंबड्या हाकलण्याखेरीज कशासाठी वापरलेली मी पाहिली नाही. त्या नुसतं पाठ करून घेत नसत. "पोपटालाही पाठ होतं," म्हणायच्या, "तुम्ही मुली आहात ना?" मग एकेका आयतीचा, म्हणजे कुराणातल्या ओळीचा, अर्थ सांगायच्या, आणि त्यांची सगळी उदाहरणं स्वयंपाकघरातली असायची.

एका दुपारी सूरह माऊन चालली होती. कुराणातला छोटासा अध्याय, सगळ्यांना तोंडपाठ. आपांनी विचारलं, "माऊन म्हणजे काय?" कुणाला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "अल्लाह इथे काही नमाजी लोकांनाच तंबी देतो. जे नमाजकडे दुर्लक्ष करतात, जे दिखाव्यासाठी करतात, आणि जे माऊन अडवून धरतात. माऊन म्हणजे घरातली रोजच्या वापराची वस्तू. सुई, बादली, चिमूटभर मीठ, भांडं. शेजाऱ्यानं चार घटका वापरायला मागावं आणि आपण द्यावं, आपलं काहीही कमी होत नाही, अशी वस्तू. तीसुद्धा ज्याच्या हातून सुटत नाही, त्याचं दिल केवढं आवळलेलं असेल बघा."

भांडं! मी चटईवरून जवळजवळ उडालेच.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवताना, बोंबलाच्या कालवणाचा पहिला घास तोंडात जायच्या आधीच मी जाहीर केलं, "अम्मी, आपला टोप माऊन आहे."

"काय आहे?"

मी सगळं समजावून सांगितलं. नमाजी, तंबी, सुई, बादली, भांडं. अम्मी ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "सूरहमध्ये टोप किती माणसांचा ते लिहिलंय का? चाळीस माणसांचा टोप म्हणजे काय सुई आहे?"

अब्बांच्या तोंडात त्या वेळी खिळे नव्हते. तरी ते "हं" एवढंच म्हणाले आणि कालवणाच्या वाटीत बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या देवकीकाकू आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. काकूंचं घर आमच्या कुंपणाला लागून, चार गुंठे भात, दोन आंब्याची झाडं आणि घरभर हसू. "झुबेदाभाभी," त्या अम्मीला म्हणाल्या, "हळदीच्या जेवणाला तुमचा टोप मिळेल का?" अम्मीनं पदर सावरला. मी दाराआड उभी राहून तिच्याकडे असं बघत होते की माझ्या डोळ्यांतूनच सूरह चालू होती. पण सवय ती सवय. "अरेरे, कालच कल्हईला दिला," अम्मी म्हणाली. काकू "असू दे, असू दे" म्हणत चहाला बसल्या. चहा अर्धा झाला नसेल तोच गल्लीत भाता आपटल्याचा आवाज आला आणि आमच्या दारासमोरच कल्हईवाल्यानं आरोळी ठोकली, "भाभी! तीन वर्षं झाली तुमचा तो टोप बघितला नाही! या वेळी काढा की बाहेर!"

त्या शांततेत खाडीवरच्या बगळ्यांनीसुद्धा पंख मिटले असतील. देवकीकाकूंनी अम्मीकडे पाहिलं नाही, ही त्यांची थोरवी. त्या चहाकडे बघत म्हणाल्या, "मग भाभी, माझ्यासमोरच करून घ्या कल्हई. मी थांबते. जाताना घेऊनच जाते." अब्बांनी माळ्यावरून टोप काढला, अंगणात निखारे फुलले, नवसागराचा तो उग्र वास सुटला, आणि टोप चंद्रासारखा चकचकीत होऊन कुंपणापलीकडे गेला. परत आला तेव्हा त्यात बुंदीचे लाडू होते आणि तळाशी एक पोचा. अम्मीनं पोच्यावरून बोट फिरवलं, लाडू मोजले नाहीत, आणि नंतर कधी कुणाला टोप नाही म्हणाली नाही. मी ही सगळी हकिकत आपांना माझा वाटा जरा वाढवूनच सांगितली. त्या म्हणाल्या, "छान. आता तुझ्याकडे काय आहे ते बघ." मला ते बोलणं कळलं नाही. माझ्याकडे काय असणार? तेरा वर्षांची मुलगी मी, माझा स्वतःचा चमचासुद्धा नव्हता.

जूनमध्ये मुमताज आली. मुमताज माझ्या मामूची मुलगी, माझ्याच वयाची. मामूचं पंक्चरचं दुकान तलासरीच्या पुढे, हायवेवर, अगदी गुजरातच्या हद्दीला टेकून. तिथली शाळा गुजराती आणि तीही सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं आणि आठवीला माझ्याच वर्गात घातलं. एका पिशवीत दोन जोड कपडे घेऊन ती एसटीतून उतरली आणि उतरल्या उतरल्या हसली. कशाला हसली कोण जाणे. ती अशीच होती. कोंबडी पळाली तरी हसायची, भात करपला तरी हसायची. तिच्याकडे एखादी वस्तू असली की तिचे लगेच दोन तुकडे व्हायचे, एक तिचा, एक समोर असेल त्याचा. पेरू, पेन्सिल, खोबऱ्याची वडी, काहीही. पेन्सिल तर तिनं खरोखरच मोडून दिली होती मला.

पहिले आठ दिवस मला ती फार आवडली. मग एका दुपारी बडी आपांनी तिला किरात, म्हणजे सुरात कुराण, म्हणायला सांगितलं. मुमताजनं डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. मी त्या ओटीवर पाच वर्षं बसत होते, पण रस्त्यानं जाणारी माणसं थांबलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आपांनी डोळे पुसले. "उद्यापासून तू इथे, माझ्या बाजूला बस," त्या तिला म्हणाल्या. ती जागा माझी होती. मग घरी अब्बा म्हणाले, "या पोरीला दोन दिवसांत पेटी ठोकता येते. हमीदा अजून अंगठाच ठोकते." सगळे हसले, मीही हसले, पण माझं हसू दातांच्या मागेच राहिलं. आणि ईदला अम्मीनं ट्रंक उघडून स्वतःच्या लग्नातली हिरवी ओढणी काढली, जिच्या जरीवर माझा जन्मापासून डोळा होता. "मुमताजकडे ईदला घालायला काही नाही," एवढंच म्हणून ती तिच्या खांद्यावर टाकली. टोप द्यायला जिचा हात उठत नव्हता तिनं ओढणी सहज देऊन टाकली, आणि तीही माझी!

हे लिहिताना आता मला हसू येतं. तेव्हा मात्र मी संडासात जाऊन रडले होते.

त्या दिवसापासून मी मुमताजला काही द्यायचं बंद केलं. माझ्याकडे द्यायला होतं तरी काय? मराठी. तिला मराठी बोलता यायचं ते गुजरातीला मराठी टोपी घालून. ऊन पडलं की म्हणायची, "बाहेर केवढा तडका आहे!" मुली खिदळायच्या. गुजरातीत उन्हाला तडको म्हणतात, हे मला माहीत होतं. रोज संध्याकाळी ती माझ्या शेजारी वही घेऊन बसायची. "हमी, याला मराठीत काय म्हणतात? हमी, हे बरोबर का?" आणि मी, जिनं अम्मीला माऊन शिकवली होती ती मी, कधी "मला काम आहे" म्हणायचे, कधी "शाळेत कळेल" म्हणायचे. आपल्यापाशी असलेलं देऊन संपत नाही हे टोपाच्या बाबतीत मला लगेच समजलं होतं. शब्दांच्या बाबतीत मात्र मला वाटायचं की मी दिले तर माझे कमी होतील. आणि ती? ती मला रोज किरातीत श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा हे शिकवत होती. मी न मागता.

शाळेत कुणी मोठे शिक्षणाधिकारी वर्ग बघायला येणार अशी बातमी आली. आदल्या संध्याकाळी मुमताज फार घाबरलेली. आरशासमोर उभी राहून ती वाक्यं घोकत होती. "माझं नाव मुमताज. मी तलासरीची. मला शाळा आवडते." मग वळून मला म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं, काय करतेस, आणि माझं काम झालेलं असलं, तर? मी नवरी आहे. बरोबर ना?"

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हातात काम नसलेली. मराठीत काय, ते सांगायला नको. एक शब्द. "रिकामी" असा एक शब्द मी उच्चारला असता तर संपलं असतं. मी माझ्या वहीला कव्हर घालत होते. मान वर न करता मी म्हटलं, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. गोड स्वभावाचे, घाटावरचे वाटत होते. सगळा वर्ग उतारा लिहीत होता. मुमताज भरभर लिहायची, तिचं आधी लिहून झालं आणि ती हात बांधून बसली. साहेब तिच्यापाशी थांबले. "का गं बाळ, तू लिहीत का नाहीस?"

मुमताज उठून उभी राहिली. स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, मी नवरी आहे."

सगळा वर्ग हसून फुटला. साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना गुजराती येत होतं, त्यांना तर दोन्हीकडून हसू आलं. मुमताजही हसली, तिच्या सवयीनं, सगळे हसतायत म्हणून. मग कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. तिचं हसू हळूहळू विझताना मी पाहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिला वाटलं असेल, हमीलाही माहीत नसावं.

मग जे होतं ते झालं. बाकावर झेंडूची माळ, मधल्या सुट्टीत तोंडानं सनई, "नवरदेव कुठे आहेत?" असले प्रश्न. मुमताज वर्गात बोलेनाशी झाली. मग घरी बोलेनाशी झाली. आपांकडे किरात म्हणताना तिचा आवाज मध्येच अडकला. चौथ्या दिवशी तिनं अम्मीला सांगितलं, "फुफू, मला घरी जायचंय. मला नाही शिकायचं." अम्मीनं समजावलं, अब्बांनी खिळे तोंडातून काढून समजावलं. ती मान हलवत राहिली. शेवटी ठरलं, शनिवारी अब्बा तिला पोचवून येतील.

दुपारी मी आपांकडे गेले. त्या अंगणात मसूर निवडत होत्या. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. ओढणी, जागा, किरात, "बरोबर." आपांचा हात सुपात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी चुलीत ढलप्या घालतात ना? किती वेळ टिकतात?"

"लगेच जळतात."

"हसद म्हणजे हेवा. हदीसमध्ये, हुजूर पैगंबरांच्या वचनांत, आलंय, आग लाकूड खाते तसा हेवा माणसाच्या नेक्या खातो. तू अम्मीकडून टोप देववलास ना, मोठी नेकी केलीस. आता शोध कुठे आहे ती." मी हुंदके द्यायला लागले. त्यांनी पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच. "आणि हे मला कशाला सांगायला आलीस? मी काय मुमताज आहे?"

"तुम्ही दुवा करा आपा. अल्लाह माफ करील."

"अल्लाहचं अल्लाहपाशी. मुमताजचं देणं मुमताजपाशी. ते तिनं माफ केल्याशिवाय माझ्या दुवेनं काय होणार?"

शनिवारी मी हट्टानं अब्बांबरोबर गेले. एसटी आशागडवरून पुढे निघाली. भाताची लावणी आटोपत आली होती, दोन्ही बाजूंना हिरवं, आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. चारोटीला उतरून दुसरी गाडी पकडायची होती. अब्बा गाडीची चौकशी करायला गेले आणि आम्हाला एका हॉटेलच्या बाकावर बसवून गेले. पोऱ्यानं कांदाभज्यांची बशी आणून ठेवली. समोरून ट्रक धडाडत जात होते. मी म्हटलं, "मुमताज, मला माहीत होतं."

"काय?"

"नवरी म्हणजे मराठीत काय ते."

तिनं भजं हातात धरलं तसंच धरून ठेवलं. "आत्ता कळलं की तेव्हाच माहीत होतं?"

"तेव्हाच."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो."

तिनं हातातलं भजं खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. कुठलीही वस्तू अर्धी केल्याशिवाय जिला खाता येत नव्हती, तिनं ती अख्खी बशी एकटीनं संपवली आणि मला एकदाही विचारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शेवटचं भजं गिळून तिनं विचारलं, "का?"

"ओढणी," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटल्यावर ते किती फालतू वाटलं! "आणि आपांनी तुला माझ्या जागी बसवलं. आणि तुझा आवाज."

मुमताजनं माझ्याकडे अशी नजर लावली की मला खाली बघावं लागलं. "वेडी आहेस तू," ती म्हणाली. "मला रोज वाटायचं, हमीसारखं बोलता यावं. तू वाचायला उभी राहिलीस की सगळे गप्प होतात. मी उभी राहिले की सगळे हसतात. माझा आवाज मी तुला देऊन टाकला असता गं, देता आला असता तर." मग डोळे पुसत म्हणाली, "मी येणार नाही परत. तू मला सांगितलंस. पण वर्गाला कोण सांगणार?"

तेवढ्यात अब्बांनी गाडी आली म्हणून हाक मारली.

मामूच्या दुकानासमोर आम्ही तिला सोडलं. परतीच्या गाडीत मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडात खिळे नव्हते, तरी ते एवढंच म्हणाले, "सोमवारी शाळा आहे ना?" बस्स.

सोमवारी पहिल्या तासाला मी बाईंची परवानगी मागितली आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिले. निबंध वाचायला मी तिथे पन्नास वेळा उभी राहिले असेन, पण या वेळी हातात वही नव्हती. मी सांगितलं की मुमताजनं मला विचारलं होतं, मला अर्थ माहीत होता, आणि तरी मी बरोबर म्हटलं. का, तेही सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बरोबर!" आणि पुन्हा हशा. दहावीपर्यंत मुलं मला "बरोबरबाई" म्हणत होती. मला ते नाव मनापासून आवडलं असं नाही म्हणणार, पण ते माझंच होतं.

त्या संध्याकाळी मी शंभर पानी वही काढली. मध्ये रेघ मारली. डाव्या बाजूला गुजराती, उजव्या बाजूला मराठी. तडको, ऊन. नवरी, रिकामी. चोखा, तांदूळ. डोशी, म्हातारी. मी इतके दिवस अडवून ठेवलेले सगळे शब्द त्यात उतरवले. जिथे घोळ होतो तिथे वाक्यं लिहिली. गुजराती अक्षरं मला नीट येत नव्हती, ती देवकीकाकूंकडून शिकून घेतली. त्यांचं माहेर सुरतेकडचं. आठ दिवस लागले. अब्बा लाकूड बघायला तलासरीला गेले तेव्हा वही त्यांच्याबरोबर पाठवली. चिठ्ठी घातली नाही. काय लिहिणार?

पंधरा दिवसांनी दुपारी मी शाळेतून आले तर अंगणातून ठकठक ऐकू येत होती. अब्बा समोर ओटीवर चहा पीत बसलेले. मग ठोकतंय कोण? मी मागे धावले. मुमताज उकिडवी बसून पेटी ठोकत होती, एका खिळ्याला तीन घाव. शेजारी माझी वही. उघडून पाहिली तर माझ्या गुजरातीवर जागोजाग लाल रेघा. "किती चुका करतेस," ती म्हणाली, "म्हटलं, येऊनच शिकवावं."

ती माझ्या गळ्यात वगैरे पडली नाही. महिनाभर तिनं वस्तूंचे दोन तुकडे केले तरी माझा तुकडा जरा लहान असायचा. माझ्या ते लक्षात यायचं आणि मी गुपचूप खायचे.

आपांना हे कळल्यावर त्यांनी आम्हा दोघींना एकाच बाजूला बसवलं. मी विचारलं, "आपा, मग हेवा कधीच वाटू द्यायचा नाही का?" त्या म्हणाल्या, "दोन माणसांचा वाटू दे. हुजूरांनीच तेवढी मुभा दिलीय. एक, ज्याला अल्लाहनं धन दिलं आणि तो ते चांगल्या कामी उधळतो. दुसरा, ज्याला इल्म, म्हणजे ज्ञान, दिलं आणि तो त्याप्रमाणे वागतो आणि दुसऱ्यांना शिकवतो. म्हणजे बघ, दोघेही देणारेच." पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तीस वर्षं तलासरीच्या पोरांना मराठी शिकवली. वारली बोलणारी, गुजराती बोलणारी, सगळी. मुमताज नर्स झाली आणि चार भाषांत रोग्यांना दटावू लागली. पण ते सगळं नंतरचं.

त्याच वर्षी, जानेवारीत, तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली. मराठी वक्तृत्व. आम्ही दोघींनी नाव दिलं. मुमताजचं भाषण मी ओळ न् ओळ तपासलं होतं, तिनं माझ्याकडून श्वास कुठे घ्यायचा ते घोटून घेतलं होतं. निकाल लागला. मला उत्तेजनार्थ. पहिली मुमताज.

खरं लिहायचं म्हणून लिहिते. तिचं नाव पुकारलं त्या क्षणी माझ्या पोटात पुन्हा तसंच जळलं. अगदी तसंच, जराही कमी नाही. मला वाटलं होतं ते एकदा संपलं की संपलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि माझे हात मांडीवर होते. मग मी ते उचलले. पहिल्या चार-पाच टाळ्या मी जबरदस्तीनं वाजवल्या, तळहात दुखेपर्यंत, दात आवळून. मुमताज मंचावर चढली, कप हातात घेतला आणि हजार माणसांत मला शोधायला लागली. तिची नजर माझ्यावर थांबली तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि कुठल्या तरी टाळीपासून त्या खऱ्या झाल्या होत्या. कुठल्या ते मला सांगता येणार नाही. बाकीचे थांबले तरी माझे हात चालूच होते. शेवटी शेजारच्या बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.